न छापलेल्या पानांचा हिशेब: नाशिकच्या एका न्यूजरूममधलं प्रकरण

हे प्रकरण नाशिकमधल्या एका छोट्या मराठी वृत्तसंकेतस्थळाचं आणि त्याच्या हाती आलेल्या एका जवानाच्या खासगी चॅटचं आहे. जवानाचं युनिट, छावणीचं ठिकाण, हुद्दा आणि तारखा गाळल्या आहेत किंवा बदलल्या आहेत. चॅटमधली जी दोन-चार वाक्यं पुढे येतात, ती जवानाने स्वतः वाचून हो म्हटल्यावरच घेतली आहेत. वादाचा मजकूर वाचायला बाहेरून दोघांना बोलावलं होतं, एक निवृत्त न्यायाधीश आणि दुसरा मी. वृत्तपत्रात डेस्कवर आयुष्य गेलं आणि आता पत्रकारितेच्या मुलांना शिकवतो, एवढीच माझी पात्रता. हे लिहितोय कारण या प्रकरणातला प्रश्न पुन्हा पुन्हा येणार आहे. लष्करातून माहिती बाहेर देणाऱ्या माणसाबद्दलचा सगळा कच्चा मजकूर हातात असताना बातमीदारांनी तो का दाबून ठेवावा? आणि ठेवला, तर वाचकाला काय सांगणं लागतं?

पार्श्वभूमी

नाशिकला लष्कर ही लांबची गोष्ट नाही. देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण चालतं, गांधीनगरला आर्मी एव्हिएशनचे वैमानिक घडतात, ओझरला एचएएलचा विमान कारखाना आहे, नाशिकरोडला नोटांचा आणि मुद्रांकांचा छापखाना. भगूर, विहितगाव, जेल रोड, लॅम रोड या पट्ट्यात दर दुसऱ्या-तिसऱ्या घरातलं कोणीतरी अशा आस्थापनेत आहे किंवा होतं. कामावरचं घरी बोलायचं नाही, ही शिस्त इथल्या घराघरांत मुरलेली आहे. 2020 मध्ये ओझरच्या कारखान्यातल्या एका कर्मचाऱ्याला विमानांची माहिती पाकिस्तानला पुरवल्याच्या आरोपावरून एटीएसने अटक केली, तेव्हा शहर हादरलं होतं. त्यामुळे ‘माहिती फोडणारा’ म्हटलं की इथे आधी हेरगिरीच आठवते. तक्रार करणारा माणूस कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही.

आपला जवान मूळचा नाशिक जिल्ह्यातला, नोकरीला महाराष्ट्राबाहेर, कचेरीच्या कामावर. बायको आणि आई नाशिकरोडला भाड्याच्या घरात. छावणीतल्या कुटुंबांच्या क्वार्टर्सची दुरुस्ती कागदावर झाली होती, प्रत्यक्षात नव्हती. बिलं त्याच्या टेबलावरून जात होती. त्याने काही बिलांचे मोबाइलवर फोटो काढले आणि गावाकडच्या एका माजी सैनिकाला पाठवले. हा माजी सैनिक नाशिकमध्ये भरतीपूर्व प्रशिक्षणाची अकॅडमी चालवतो. जवान त्याचाच विद्यार्थी, त्याला ‘सर’ म्हणायचा. पुढे यांना मी मध्यस्थ म्हणतो.

मध्यस्थाने बिलांचे फोटो तर वार्ताहराला दिलेच, वर दोघांमधलं अख्खं व्हॉट्सअॅप चॅटही एक्स्पोर्ट करून दिलं. छापून काढलं तेव्हा दीडशेच्या वर पानं भरली. जवानाला याचा पत्ता नव्हता. त्याने बिलं बाहेर जावीत म्हणून दिली होती, स्वतःचं बोलणं नव्हे. पुढचा सगळा गुंता या एका गोष्टीतून निघाला.

पहिली बातमी

संपादक बाई सावध. बिलांच्या फोटोंपैकी एकही त्यांनी जसाच्या तसा छापला नाही, आकडे नव्याने टाइप करून तक्ता केला. कारण मला त्यांनी मूळ फोटो दाखवला तेव्हा कळलं. बिलाच्या वरच्या कोपऱ्यात आवक क्रमांक होता आणि दोन ओळींपुढे पेन्सिलने केलेली बारीक बरोबरची खूण. तशी खूण त्या कचेरीत एकच माणूस करायचा. शिवाय कागदाच्या खाली टेबलावरच्या काचेची कड दिसत होती आणि काचेखाली ठेवलेल्या कॅलेंडरचा तुकडा. फोटोच्या फाइलमध्ये वेळ दडलेली होती ती वेगळीच.

अशा खुणांनी काय होतं, हे 2017 मध्ये अमेरिकेत दिसलं होतं. रिअॅलिटी विनर ही लष्करी गुप्तचर कामाचा अनुभव असलेली कंत्राटी कर्मचारी. तिने पाठवलेल्या गोपनीय अहवालाची प्रत ‘द इंटरसेप्ट’ या वृत्तसंकेतस्थळाने खातरजमेसाठी सरकारी यंत्रणेला दाखवली. कागदावर घडीच्या खुणा होत्या, म्हणजे तो छापून बाहेर नेलेला होता. कोणी कोणी छापला याची यादी काढली तेव्हा ती मोजक्याच माणसांवर येऊन थांबली. प्रसिद्ध झालेल्या पानांवर तर प्रिंटरने उमटवलेले, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे पिवळे ठिपकेही होते. तिला 5 वर्षं 3 महिन्यांची शिक्षा झाली.

बिलांच्या बाबतीत नाशिकच्या मंडळींनी हे सगळं सांभाळलं. पण बातमीला माणसाचा आवाज हवा म्हणून चॅटमधली पाच-सहा वाक्यं त्यांनी नाव न देता टाकली. त्यातलं एक फार गाजलं: ‘पोरं छताखाली बादल्या लावून झोपतात सर, आणि कागदावर वॉटरप्रूफिंग झालंय.’ वाक्य खरंच जबरदस्त होतं. मात्र ही वाक्यं कुठून आली, त्या मजकुराचा किती भाग छापला आणि किती राखून ठेवला, याबद्दल बातमीत अवाक्षर नव्हतं.

अडचण कुठे उभी राहिली

काही आठवड्यांत जवानाला युनिटने ताब्यात घेतलं आणि चौकशी बसली. बातमीमुळेच, असं म्हणता येणार नाही. बिलं किती जणांच्या हातून गेली होती ते आतल्या लोकांना ठाऊकच होतं.

मग मध्यस्थ बोलू लागला. आधी एका यूट्यूब चॅनेलवर, नंतर टीव्हीच्या चर्चेत. त्याचं म्हणणं असं की पोराने कागदांच्या बदल्यात पैसे मागितले, मी नकार दिला. जवान कोठडीत, त्याच्याकडे फोन नाही. बायको म्हणते खोटं आहे. आणि खरं-खोटं ज्या दीडशे पानांत होतं, ती पानं कॉलेज रोडजवळच्या या कचेरीच्या कपाटात.

चारी बाजूंनी मागणी सुरू झाली. जवानाच्या बाजूचे म्हणत, सगळं चॅट छापा, तो निर्दोष ठरेल. विरोधातले म्हणत, पैशांचा भाग यांनी लपवलाय. दुसऱ्या वाहिन्यांना प्रत हवी होती. पोलिसांकडूनही तोंडी विचारणा झाली. संपादकांनी आठवडाभर एकच उत्तर दिलं: ‘आमच्याकडच्या मजकुराबद्दल आम्ही भाष्य करत नाही.’

हे उत्तर आपल्या धंद्यात सभ्य समजलं जातं. इथे ते अन्यायाचं होतं असं माझं ठाम मत आहे. मजकूर न छापणं ही एक गोष्ट झाली. त्या मजकुराबद्दल दुसरा कोणी खोटं बोलत असताना गप्प बसणं ही वेगळी गोष्ट, आणि तिची किंमत कोठडीतला माणूस मोजत होता.

याआधी हेच घडलं होतं

बैठकीत मी ज्या प्रकरणाची आठवण काढली, ते चेल्सी मॅनिंगचं. इराकमध्ये तैनात असलेल्या, तेव्हा ब्रॅडली हे नाव असलेल्या या अमेरिकी सैनिकाने गोपनीय कागदपत्रं प्रसिद्ध करणाऱ्या विकिलीक्स या संकेतस्थळाला लाखो दस्तऐवज दिले. मे 2010 मध्ये मॅनिंगचं एड्रियन लामो या माजी हॅकरशी ऑनलाइन चॅटिंग झालं. लामोने अधिकाऱ्यांना खबर दिली आणि मॅनिंगला अटक झाली. चॅटची प्रत लामोने ‘वायर्ड’ या अमेरिकी मासिकाला दिली. जून 2010 मध्ये ‘वायर्ड’ने जवळपास चौथा हिस्सा छापला आणि बाकीचा राखून ठेवला. कारणं दोन सांगितली. एक, त्यात मॅनिंगच्या अगदी खासगी गोष्टी आहेत. दुसरं, काही भाग लष्करी दृष्टीने संवेदनशील असू शकतो.

दोन्ही कारणं खोटी नव्हती. राखून ठेवलेल्या भागात मॅनिंग आपल्या लिंगओळखीबद्दल, आतल्या घुसमटीबद्दल बोलली होती. लष्करी कोठडीत असलेल्या माणसाची ती ओळख वर्तमानपत्राने चव्हाट्यावर आणावी काय? माझं उत्तर नाही असंच आहे. पण पुढे लामो इतर माध्यमांना चॅटमध्ये काय काय होतं ते सांगत सुटला. विकिलीक्सचे संस्थापक ज्युलियन असांज यांचा या प्रकरणात हात किती, हा फौजदारी वजनाचा प्रश्न त्याच्या आठवणीवर लटकला. डिसेंबर 2010 मध्ये ग्लेन ग्रीनवाल्ड या पत्रकाराने ‘वायर्ड’वर सरळ हल्ला चढवला. खासगी भाग छापू नका, पण लामो जे सांगतोय ते चॅटमध्ये आहे की नाही एवढं तरी सांगा, असा त्याचा मुद्दा होता. ज्या पत्रकाराकडे चॅट होतं त्याची लामोशी कित्येक वर्षांची ओळख, यावरही बोट ठेवलं गेलं. शेवटी जुलै 2011 मध्ये, मॅनिंगच्या खासगी आयुष्याबद्दलची माहिती दुसरीकडे येऊन गेल्यावर, ‘वायर्ड’ने जवळजवळ पूर्ण चॅट प्रसिद्ध केलं.

मॅनिंगला 2013 मध्ये 35 वर्षांची शिक्षा झाली. जानेवारी 2017 मध्ये ओबामांनी ती कमी केली आणि मे महिन्यात सुटका झाली. चॅट सगळं छापलं असतं तर शिक्षा बदलली असती असं मी म्हणत नाही. वर्षभर जगाने एका मध्यस्थाच्या तोंडून त्या चॅटचा अर्थ लावला आणि कागद ज्यांच्याकडे होता ते पुरेसं बोलले नाहीत, एवढंच मला नाशिकच्या टेबलावर ठेवायचं होतं.

आपल्याकडचा दाखलाही समोर होता. फेब्रुवारी 2019 मध्ये ‘द हिंदू’ने राफेल व्यवहारावरची संरक्षण मंत्रालयाची टिपणी छापली. त्याच कागदावरचा तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांचा शेरा त्या चित्रात नव्हता. तो दुसरीकडून बाहेर आला आणि देशातली चर्चा व्यवहारावरून उठून ‘कागद अर्धवट का दाखवला’ यावर जाऊन बसली. न दाखवण्यामागे हेतू काय होता हे इथे महत्त्वाचं नाही. उरलेला भाग इतरांच्या हातून बाहेर आला की आधीची सगळी मेहनत संशयात जाते.

वकिलांचं म्हणणं

जिल्हा न्यायालयात वकिली करणारे एक ज्येष्ठ वकील बैठकीला होते. त्यांनी कायद्याची बाजू अशी मांडली, की ती ऐकून तरुण वार्ताहराचा चेहरा उतरला.

1923 च्या शासकीय गुपिते कायद्याचं कलम 5 फक्त माहिती देणाऱ्यावर थांबत नाही. गुपित आहे हे माहीत असून ते घेणारा पत्रकारही त्यात येतो, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. जवानाच्या बाजूने 1954 च्या लष्करी नियमांतला 21 वा नियम आडवा येतो: पूर्वपरवानगीशिवाय सेवेतल्या बाबी वर्तमानपत्राला कळवायच्या नाहीत. पत्रकाराने सूत्राचं नाव सांगण्याची सक्ती करू नये, हे प्रेस कौन्सिल कायद्याच्या कलम 15 मध्ये आहे खरं, पण ते संरक्षण कौन्सिलपुढच्या कामकाजापुरतं. न्यायालयात ते ढाल म्हणून चालत नाही. कायदा आयोगाने 1983 च्या 93 व्या अहवालात पुरावा कायद्यात तशी तरतूद सुचवली होती, ती झाली नाही. नव्या साक्ष्य अधिनियमातही नाही. आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या कलम 94 खाली पोलीस ठाण्याचा प्रमुख लेखी आदेशाने कागदच काय, मोबाइल आणि लॅपटॉपही मागू शकतो.

‘तोंडी मागितलं तर काही द्यायचं नाही,’ वकील म्हणाले, ‘लेखी आलं तर मला फोन करायचा, आणि तोवर त्यातलं एक अक्षरही पुसायचं नाही. पुसलंत तर पुरावा नष्ट केल्याचं नवीन प्रकरण.’

मग देवळालीचा विषय निघाला. तो निघणारच होता, टेबलाभोवतीच्या प्रत्येकाच्या मनात तोच होता. 2017 च्या सुरुवातीला अधिकाऱ्यांच्या घरच्या कामांना जवान जुंपण्याच्या ‘सहायक’ पद्धतीवर एका वृत्तसंकेतस्थळाने देवळाली कॅम्पमध्ये छुपं चित्रीकरण केलं. चेहरे झाकले होते असं त्यांचं म्हणणं. त्यात बोललेला एक जवान बेपत्ता झाला आणि 2 मार्चला कॅम्पातल्या एका पडीक बराकीत त्याचा मृतदेह सापडला. पत्रकार आणि तिला मदत करणारा माजी सैनिक यांच्यावर शासकीय गुपिते कायदा आणि आत्महत्येस प्रवृत्त करणं अशी कलमं लागली. 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला.

कायद्याने पत्रकार सुटली, तरी ही घटना आमच्या बैठकीत शेवटपर्यंत बसून होती. बराकीत राहणाऱ्या माणसाला चेहरा झाकल्याने झाकता येत नाही. आवाज, बोलण्याची ढब, मागची भिंत, ड्युटीची वेळ यांवरून सोबतचे त्याला ओळखतात. वाचकाला अनोळखी असलेला माणूस त्याच्या युनिटला अनोळखी नसतो, आणि त्याला इजा होते ती युनिटकडून, शेजाऱ्यांकडून, नातेवाइकांकडून.

समोरचे पर्याय

सगळं छापणं हा पर्याय ऐकायला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. दीडशे पानांत काय होतं ते मी आणि न्यायाधीश साहेबांनी दोन दुपारी बसून वाचलं. बिलांबद्दलचं बोलणं जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढं. बाकी घर, कर्ज, बायकोचं बाळंतपण, झोप न लागणं, लष्करी रुग्णालयात मानसोपचारासाठी केलेल्या खेपा आणि गोळ्यांची नावं. दोन सहकाऱ्यांच्या व्यसनाबद्दल नावानिशी. एका तुकडीच्या हालचालीची तारीख, तीही सहज, ‘अमुक दिवशी निघतोय, रेंज नसेल’ अशी. शत्रूला या तारखेचा उपयोग झाला असता असं मला वाटत नाही. पण तुकडी परत आलेली नसताना ती छापायची हिंमत कोणत्या संपादकाने का करावी? आणि ती छापली असती तर दुरुस्तीच्या बिलांचं प्रकरण त्याच संध्याकाळी देशद्रोहाचं झालं असतं.

काहीच न करणं, म्हणजे भूमिका न बदलता थांबणं, हा दुसरा. वकिलांना तो पसंत होता. मालकांनाही.

तिसरा पर्याय मधला: खासगी भाग काळा करून उरलेलं छापायचं. इथे अडचण वेगळीच निघाली. पैशांबद्दलची वाक्यं नेमकी खासगी मजकुराच्या पोटात होती. ती अशी:

‘सर, दोन हप्ते थकलेत. बँकवाले घरी येऊन गेले, आई घाबरलीय. काही करता येईल का?’

‘बघू. आधी ड्युटी नीट कर. डॉक्टरकडे गेलास का?’

नुसतं पहिलं वाक्य काढून दाखवलं तर मध्यस्थ खरा ठरतो. पण हा संदेश बिलांचा पहिला फोटो पाठवण्याच्या कितीतरी आठवडे आधीचा होता. कागदांचा तोवर विषयच नव्हता. शिष्याने जुन्या गुरूकडे हातउसने मागावेत तसं ते मागणं. नंतर एकदा मध्यस्थानेच लिहिलं होतं, ‘हप्त्यांचं मी बघतो, तू फोटो पाठवत राहा.’ त्यावर जवानाचं उत्तर: ‘पैशाचं नको सर, ते मी करतो. हे कोणाला तरी दाखवा फक्त.’ म्हणजे सौदा कोणी मांडला आणि कोणी नाकारला हे दिवसाच्या उजेडासारखं स्वच्छ होतं. पण ते दाखवायचं तर थकलेलं कर्ज आणि डॉक्टर दोन्ही उघडं करावं लागणार. आजार झाकला तर आरोप तसाच राहतो, आणि आरोप पुसायला जावं तर आजार उघडा पडतो.

चौथा पर्याय न्यायाधीश साहेबांनी सुचवला. मजकूर न दाखवता त्याबद्दलच्या ठरावीक प्रश्नांना उत्तरं द्यायची. ‘कागदांच्या बदल्यात पैसे मागितल्याचा उल्लेख आहे का?’ नाही. ‘जवानाने कधी पैसे मागितल्याचा उल्लेख आहे का?’ आहे, त्याआधीचा, कागदांशी संबंध नसलेला. वाचणारे बाहेरचे दोघं, नावानिशी जबाबदार.

याच चर्चेत वार्ताहराने एक गोष्ट सांगितली. मध्यस्थाच्या अकॅडमीची जाहिरात दर भरतीच्या हंगामात याच संकेतस्थळावर असते आणि वार्ताहर स्वतः मध्यस्थाला बरीच वर्षं ओळखतो. खोलीत शांतता पसरली. ‘हे पण छापायचं,’ संपादक म्हणाल्या. मालक नको म्हणत होते. बाईंनी ऐकलं नाही, आणि या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला निर्णय तोच आहे.

काय केलं

आधी बायकोकडे गेले. संपादक आणि वार्ताहर दोघं. वार्ताहराने ‘वहिनी’ म्हणून सुरुवात केली आणि पुढे त्याला बोलता येईना, तेव्हा संपादकांनी पैशांबद्दलचे संदेश अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवले. रुग्णालयाच्या खेपा तिला माहीत नव्हत्या. हा धक्का या मंडळींनी तिला दिला, आणि परवानगी मागायला गेल्याशिवाय तो टळणारही नव्हता. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘ताई, कर्जाचं छापा. कर्ज सगळ्यांनाच असतं. डॉक्टरचं नको, त्यांना नोकरीत त्रास होईल.’

जवानाच्या वकिलामार्फत त्याचीही लेखी संमती आली, जवळपास याच शब्दांत. त्याच्या लेखी मागणीवरून पूर्ण चॅटची एक प्रत त्याच्या वकिलाला दिली. बोलणं त्याचंच होतं, बचावासाठी ते त्याला मिळायलाच हवं होतं. इतर कोणालाही प्रत दिली नाही.

मग दुसरी बातमी आली. तिच्यात पैशांचे संदेश तारखांच्या क्रमाने होते. डॉक्टरांचं वाक्य गाळलं होतं आणि तिथे ‘येथे जवानाच्या विनंतीवरून एक वाक्य गाळले आहे, त्याचा पैशांशी संबंध नाही’ असं स्पष्ट लिहिलं होतं. सोबत एक स्वतंत्र निवेदन: आमच्याकडे दीडशेहून अधिक पानं आहेत, मूळ फोन आम्ही पाहिलेला नाही, प्रत मध्यस्थाकडून आली आहे. राखून ठेवलेल्या मजकुराचे प्रकार चार. जवानाचं आरोग्य आणि घर, तिसऱ्या व्यक्तींची नावं, तैनातीशी संबंधित तारखा, आणि जवानाची जागा ओळखू येईल असे कागदांचे फोटो. पहिले दोन संमतीशिवाय कधीही छापणार नाही, तिसऱ्याचा सहा महिन्यांनी फेरविचार करू. मध्यस्थ आमचा जाहिरातदार आहे.

‘मूळ फोन आम्ही पाहिलेला नाही’ हे वाक्य माझ्या आग्रहावरून आलं. एक्स्पोर्ट केलेलं चॅट ही साधी टेक्स्ट फाइल असते, कोणीही त्यातली ओळ काढू किंवा घालू शकतो. वाचकाला हे सांगितल्याशिवाय आम्ही दोघांनी दिलेली ग्वाही खोटी ठरली असती.

परिणाम

टीव्हीवरची पैशांची चर्चा थांबली. मध्यस्थाने जाहिरात काढून घेतली आणि नोटीस पाठवण्याची भाषा केली, नोटीस आली नाही. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर मात्र जुनी क्लिप अजून फिरते. पोलिसांकडून लेखी काही आलं नाही. वकिलांच्या सल्ल्याने फाइल एका सीलबंद पेनड्राइव्हवर ठेवली, कचेरीतल्या संगणकांवरून काढली आणि काय, कधी, कुठे हलवलं याची सही-तारखेची नोंद केली.

जवानाची चौकशी पूर्ण होऊन त्याची सेवा संपली. कारण परवानगीशिवाय माहिती बाहेर दिली, हे. पैशांचा आरोप त्यात नाही. संकेतस्थळाच्या बातमीचा त्यात किती वाटा, हे सांगता येणार नाही. वकिलाच्या हाती पूर्ण चॅट होतं याचा नक्कीच होता. क्वार्टर्समध्ये राहणाऱ्या कुटुंबांनी सांगितलं की कामांची पुन्हा मोजणी झाली आणि काही छतं खरोखर दुरुस्त झाली.

काही वाचक अजूनही नाराज आहेत. सगळं छापलंच पाहिजे होतं, असं म्हणणारी मंडळी माझ्या वर्गातही आहेत. त्यांचा राग मला समजतो. सरकारं ‘सुरक्षा’ आणि ‘खासगीपणा’ हे शब्द लाज झाकायला वापरतात, मग वर्तमानपत्रांवर विश्वास का ठेवायचा? म्हणूनच ‘राखून ठेवलं’ एवढं सांगून भागत नाही. किती, कोणत्या प्रकारचं, कोणाच्या हितासाठी, किती काळ, आणि आमचा त्यात काय स्वार्थ, हे सांगावं लागतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या बातमीतच निवेदन हवं होतं. चॅटमधलं एक जरी वाक्य वापरलं, की उरलेल्या चॅटची जबाबदारी त्याच क्षणी अंगावर येते. बादल्यांचं ते वाक्य न घेताही बिलांची बातमी उभी राहिली असती, आणि कदाचित घ्यायलाच नको होतं. जवानाची संमती नव्हती आणि ती मागण्याचा रस्ता तेव्हा खुला होता. तो कोठडीत गेल्यावर बंद झाला.

मध्यस्थाकडून चॅट घेताना त्याच्याशी काहीच ठरवलं गेलं नाही. निदान दोन गोष्टी विचारायला हव्या होत्या: जवानाला सांगितलंय का, आणि तुमच्या स्वतःच्या वाक्यांबद्दल पुढे तुम्ही बाहेर काही बोललात तर आम्ही ती छापू, हे मान्य आहे का. सूत्राला दिलेलं गुप्ततेचं वचन पाळायचंच असतं. पण ज्याने वचन घेतलं तोच टीव्हीवर जाऊन त्या मजकुराबद्दल खोटं सांगू लागला, तर वचनाची मर्यादा कुठे संपते, हे आधी ठरलेलं बरं.

बायकोला घरी जाऊन सांगताना सोबत कोणी तिच्या ओळखीचं, विश्वासाचं माणूस न्यायला हवं होतं. आणि ‘भाष्य नाही’ हा आठवडा टाळायला हवा होता. चार ओळींचं निवेदन, ‘कागदांच्या बदल्यात पैशांची मागणी आमच्याकडच्या मजकुरात आम्हाला आढळलेली नाही, तपशील पडताळून देतो’, एवढं पहिल्या दिवशी शक्य होतं. त्या आठवड्यात जवानाच्या आईने शेजारच्या किराणा दुकानात जाणं सोडलं होतं.

एका मुद्द्यावर आमचं अजून एकमत नाही. सहकाऱ्यांच्या व्यसनाचे उल्लेख राखून ठेवले ते योग्यच. पण त्यातला एक सहकारी बिलं मंजूर करणाऱ्या साखळीत होता. न्यायाधीश साहेबांच्या मते तेवढा भाग जनहिताचा आहे. माझ्या मते व्यसनाचा आणि बिलाचा संबंध चॅटमध्ये कुठेही दाखवलेला नाही, म्हणून तो छापणं ही बदनामी ठरेल. संपादकांनी तूर्त माझं ऐकलं आहे.

सध्याची स्थिती

सहा महिन्यांनी ठरल्याप्रमाणे फेरविचार झाला. तुकडी केव्हाच परत आली होती, म्हणून तैनातीच्या तारखा असलेला भाग, नावं वगळून, प्रसिद्ध केला. त्यात बातमी म्हणावं असं काही नव्हतं आणि फार कोणी वाचलाही नाही. जवान आता नाशिकमध्ये एका गोदामात सुरक्षा पर्यवेक्षक आहे. त्याने स्वतः येऊन पूर्ण फाइल वाचली आणि आरोग्याबद्दलची पानं कायमची काढून टाकण्याची लेखी मागणी केली. वकिलांचं म्हणणं, सेवा संपवण्याविरुद्धचं त्याचं अपील चालू आहे तोवर एकही पान नष्ट करू नये, ती पानं त्याच्याच बाजूने कामी येऊ शकतात. तो तयार झाला. अपिलाचा निकाल लागला की पानं त्याच्या हवाली करायची, स्वतःकडे प्रत ठेवायची नाही, असं त्याच्या आणि संपादकांच्या सहीने लिहून ठेवलं आहे.